पोट माझं, पण पहिली तपासणी हृदयाची

बडोद्यात उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, रात्री कुणाचं पोट दुखलं तर कारण शोधावं लागत नाही. दिवसभर गच्चीवर उंधियू, जिलेबी, चिक्की, बोरं. आणि आमच्यासारख्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात रात्री परत गुळाची पोळी, वर सढळ हातानं तूप. त्यामुळे जेवणानंतर तासा-दोन तासांनी बेंबीच्या वर दुखायला लागलं तेव्हा घरात एकमतानं निदान झालं: गॅस. वहिनीनं ओवा आणि काळं मीठ दिलं. शेजारच्या काकांनी जिन्यातूनच 'गेस भराई गयो छे' म्हणून शिक्कामोर्तब केलं. दुखणं निघालं स्वादुपिंडाचं, म्हणजे जठरामागच्या पाचक रस बनवणाऱ्या ग्रंथीचं.

मध्यरात्र उलटली तसं ते दुखणं गॅससारखं वागेना. कळ येऊन जात नव्हती. आली ती मुक्कामालाच. वरच्या पोटातून आरपार पाठीत. आडवं झालं की वाढायचं, उठून बसून पुढं वाकलं की जरा सोसवायचं. उलट्या झाल्या, पण उलटी झाल्यावर एरवी जे हलकं वाटतं ते वाटलं नाही. पहाटे आई खोलीत आली, माझ्याकडे बघितलं आणि दादाला म्हणाली, "गॅसचा माणूस असा बसत नाही. गाडी काढ."

वासी उत्तरायणाची, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळ उजाडत होती. रुग्णालयाच्या इमर्जन्सीत बहुतेक सगळे पतंगांचेच बळी. मांज्यानं चिरलेली बोटं, थोडक्यात वाचलेली एक मान, गच्चीवरून पडलेला एक शाळकरी पोरगा. माझ्या अंगावर रक्ताचा थेंब नाही, तेव्हा आपला नंबर दुपारपर्यंत लागत नाही असं मी धरून चाललो होतो. पण टेबलावरच्या सिस्टरनं वय विचारलं, मी हात कुठं दाबून धरलाय ते पाहिलं आणि थेट आत घेतलं. बीपी, नाडी, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, बोट टोचून साखर, आणि लगोलग शर्ट काढून ईसीजी.

वहिनी चमकली. "अहो डॉक्टर, भाऊजींचं पोट दुखतंय."

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं पट्टी वाचता वाचताच सांगितलं की हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर काही वेळा छातीत काहीच होत नाही. वरचं पोट दुखतं, मळमळतं, घाम येतो. पन्नाशीतला माणूस असं पोट धरून आला की पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी काढायचा, बाकी सगळं नंतर. माझी पट्टी ठीक होती. तरी त्यानं रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं द्रव्य, लिहिलं आणि थोड्या वेळानं ईसीजी पुन्हा काढायला सांगितलं, कारण पहिली पट्टी साफ निघूनही अटॅक असू शकतो.

मग छातीचा एक्स-रे, तोही उभं राहून. उभं राहणं हीच त्या वेळी शिक्षा होती. झोपून काढा म्हटलं तर तंत्रज्ञ ऐकेना, आणि त्याचं बरोबर होतं. जठरातला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर फुटला असेल तर पोटात सुटलेली हवा वर चढते आणि श्वासपटलाखाली काळी पट्टी म्हणून दिसते. माणूस आडवा असला तर ती चुकू शकते. असं फुटलेलं आतडं म्हणजे थेट ऑपरेशन थिएटर. त्याच फिल्ममध्ये फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय का तेही बघून होतं. माझ्या फिल्ममध्ये दोन्ही नव्हतं.

इथपर्यंत स्वादुपिंडाचं नाव कुणी काढलं नव्हतं. मला काय झालेलं नाही, एवढंच ठरवण्यात पहिला अर्धा तास गेला. दादा अस्वस्थ झाला, "हे भलतंच काय काय करतायत" म्हणाला. मला मात्र आता विचार केला तर तो अर्धा तास सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

नंतर डॉक्टरनं आई-वहिनींना फाईल करायला काउंटरवर पाठवलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, "काका, दारू?"

गुजरातमध्ये हा प्रश्न साधा नाही. 1960 साली राज्य झाल्यापासून इथं दारूबंदी आहे. आजारपणाच्या कारणासाठी हेल्थ परमिट मिळतं, बाकी बहुतेक सगळा मामला दमण, दीव आणि अबूच्या भरवशावर. त्यामुळे दारू म्हटलं की तोंडातून आपोआप 'छे छे, कधीच नाही' निघतं, आणि आई जवळ उभी असेल तर दुप्पट जोरात. माझा चेहरा बघून तो हसला. "हुं पोलीस नथी." मग सांगितलं: मित्रांबरोबर दमणला गेलो तर, वर्षातून एखाद्या वेळी, हल्ली नाही. त्यानं शांतपणे लिहून घेतलं.

हे त्याला का हवं होतं? स्वादुपिंडाला अचानक सूज येते त्यामागं बहुतेकदा दोनच मोठी कारणं असतात, पित्ताशयातले खडे आणि दारू. पिणाऱ्यानं लपवलं तर डॉक्टर भलत्या दिशेला कारण शोधत बसतात. उलटंही होतं. पितो म्हणून कळलं की 'दारूचंच' असा शिक्का बसतो आणि खडे कुणी नीट शोधत नाही. म्हणून ते नातेवाइकांना बाहेर काढून विचारावं हे फार बरं. मागोमाग गोळ्यांची चौकशी झाली. माझी फक्त बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. पण फिट्सची व्हॅल्प्रोएट किंवा अ‍ॅझाथायोप्रिनसारखी काही औषधंही स्वादुपिंडाला त्रास देऊ शकतात, म्हणून पाकिटं दाखवा म्हणाला. वहिनीनं निघताना गोळ्यांचा डबाच पिशवीत टाकला होता.

रक्त घेताना एकाच सुईतून बऱ्याच बाटल्या भरल्या. जांभळ्या झाकणाची हिमोग्रामसाठी, निळी रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी, करडी साखरेसाठी, पिवळी बाकी सगळ्यांसाठी. त्या पिवळ्या बाटलीतच खरा मामला होता: लायपेज आणि अ‍ॅमायलेज ही स्वादुपिंडाची पाचक रसायनं, यकृताच्या तपासण्या, यूरिया, क्रिएटिनिन, कॅल्शियम, ट्रायग्लिसराइड. त्याच सुईला सलाइन लागलं, रिंगर लॅक्टेटचं, आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन.

इंजेक्शनवरून दादानं आक्षेप घेतला. "आधी निदान होऊ द्या. दुखणं दाबलं तर कळणार कसं?" आमच्या पिढीत हा समज पक्का आहे. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शननं दुखणं कमी होईल, लायपेज कमी होणार नाही. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

रिपोर्ट आले तेव्हा पोटविकारांच्या डॉक्टर मॅडमही आल्या. लायपेज 1,386, त्या लॅबची वरची मर्यादा 60. अ‍ॅमायलेज 612, मर्यादा 100. मॅडमनी पेन्सिलनं 60 च्या बाजूला 180 लिहिलं. आकडा नुसता वाढून भागत नाही, मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याच्या वर लागतो. कारण ही रसायनं थोडीफार इतर कारणांनीही वाढतात. अ‍ॅमायलेज लाळेच्या ग्रंथींतही असतं, गालगुंडातही चढतं. मूत्रपिंडं थकलेली असली तर दोन्ही रक्तात साचतात. आतडं फुटलं तरी वाढतात. लायपेज त्यातल्या त्यात जास्त विश्वासाचं. शिवाय अ‍ॅमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरून जातं, लायपेज आठवडाभर किंवा जास्तच रेंगाळतं. घरी ओवा खाऊन उशिरा येणाऱ्यांसाठी हा फरक मोठा. आजही पुष्कळ ठिकाणी दोन्ही तपासण्या सवयीनं लिहितात. मॅडमच्या मते लायपेज एकटं पुरे.

मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं. तीन गोष्टी: स्वादुपिंडाचं ठरावीक दुखणं, तिप्पट चढलेलं लायपेज किंवा अ‍ॅमायलेज, आणि स्कॅनमध्ये दिसलेली सूज. तिन्हींपैकी दोन मिळाल्या की अ‍ॅक्यूट पँक्रिआटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. अटलांटाच्या नावानं ओळखली जाणारी ही व्याख्या 2012 मध्ये सुधारली आणि जगभर तीच चालते. माझं पाठीत जाणारं, पुढं वाकल्यावर कमी होणारं दुखणं ही एक, लायपेज ही दुसरी. म्हणजे कुठलंही यंत्र पोटावर लागण्याआधी निदान झालेलं होतं.

दादा बँकेतून निवृत्त झालेला. आकडा दिसला की त्याला त्याचा अर्थ लागलाच पाहिजे. "1,386 म्हणजे किती सीरियस?" मॅडम म्हणाल्या, काहीच सांगता येत नाही. पाच हजारवाला माणूस आठवड्यात घरी जातो आणि सहाशेवाला आयसीयूत जाऊ शकतो. लायपेज आजार आहे एवढं सांगतं. किती आहे ते सांगत नाही. दादाला हे शेवटपर्यंत पचलं नाही.

किती आहे हे ज्यावरून बघतात ते आकडे आम्ही कुणी वाचलेच नसते, इतके साधे होते. नाडीचा वेग, श्वासाचा वेग, ताप, पांढऱ्या पेशी. वय साठच्या वर आहे का. माणूस नीट शुद्धीवर बोलतोय का. छातीत पाणी आहे का. आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात पेशींचं प्रमाण. या आजारात शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट 44 च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. माझं 46 होतं. रात्रभर उलट्या, पोटात घोटभर पाणी नाही, त्यामुळे नवल नव्हतं. पण सलाइन चालू असताना ते उतरतंय का हे बघायला थोड्या तासांनी पुन्हा रक्त घेतलं. सलाइनसुद्धा धो धो सोडलं नाही. पूर्वी बाटल्यांमागून बाटल्या चढवत. 2022 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या चाचणीत तसं केल्यानं फायदा न होता अंगात पाणी जास्त होण्याचा त्रासच वाढलेला दिसला, तेव्हापासून हात आखडता घेतात.

इथं एक बारकी गोष्ट दादानंच पकडली. आपल्याकडच्या रिपोर्टात 'यूरिया' छापतात. हा आजार मोजायच्या तक्त्यात 'बीयूएन', म्हणजे यूरियातला फक्त नायट्रोजन, असतं आणि धोक्याची रेषा 25. माझा यूरिया 38. दादाचा चेहरा उतरला. मॅडमनी सांगितलं, यूरियाला 2.14 नं भागा. भागल्यावर 17.8 आलं. मोबाइलवर इंग्रजी माहिती वाचून स्वतःचा रिपोर्ट पडताळणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं.

राहिला प्रश्न कशामुळे. त्याचं पहिलं उत्तर यकृताच्या तपासणीनं दिलं. एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की रक्तात चढणारं रसायन, 318. सुरुवातीच्या दोन दिवसांत ते 150 च्या वर असेल तर खड्याचा संशय फार दाट. पित्ताशयातला बारीक खडा निसटून नळीच्या तोंडाशी अडकतो, तिथंच स्वादुपिंडाची नळीही उघडते. पित्त तुंबतं तसं यकृत कुरकुरतं. बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, तेही किंचित वर होतं.

सोनोग्राफीच्या खोलीत गार जेल, अंधार आणि तोच तोच हुकूम: "श्वास लो... रोकी राखो... छोडो." दुखऱ्या पोटावर प्रोब दाबला की श्वास रोकी राखणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. रिपोर्टात पित्ताशयात अनेक बारीक खडे लिहिले होते, मुख्य पित्तनळी 7 मिलिमीटर, म्हणजे जराशी फुगलेली, आणि खाली एक ओळ: आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही, नळीचं खालचं टोकही दिसत नाही.

या ओळीनं घरात गोंधळ उडाला. वहिनीला वाटलं स्वादुपिंडाला काही झालेलं नाही. दादाला वाटलं मशीन जुनं आहे. खरं म्हणजे या आजारात आतडी सुस्तावतात, वायू साचतो आणि सोनोग्राफीच्या लहरी वायूतून जात नाहीत. स्वादुपिंड तर जठर आणि आतड्यांच्या मागं लपलेलं. ही तपासणी स्वादुपिंड बघायला नसतेच मुळी, ती खडे शोधायला असते. खडे सापडले, तिचं काम झालं. मोठ्या खड्यापेक्षा हे बारीक खडेच जास्त उपद्रवी, हेही तेव्हा कळलं. मोठा खडा पित्ताशयातून बाहेर निसटत नाही.

दुपारपर्यंत पुण्याच्या चुलतभावाचा फोन. "सीटी स्कॅन केला का? नाही? कसलं हॉस्पिटल आहे?" मग नागपूरच्या मामेबहिणीचा. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आलेला सल्ला. दादानं ते सगळं मॅडमसमोर मांडलं. पैशाची काळजी करू नका, सीटी करा, म्हणाला.

मॅडमनी नाही म्हणून सांगितलं, आणि कारणही. निदान झालेलं आहे. ते संशयात असतं तर पहिल्याच दिवशी सीटी काढला असता. स्वादुपिंडाचा काही भाग मृत झाला असेल तर तो पहिल्या दोन दिवसांत स्कॅनमध्ये नीट उमटत नाही, उमटायला 72 तास किंवा जास्त लागतात. आज काढला तर तो खोटा दिलासा देईल आणि नंतर पुन्हा काढावा लागेल. वर कॉन्ट्रास्टचं औषध, तेही अंगात पाणी कमी आणि मूत्रपिंडांवर आधीच ताण असताना. "तब्येत सुधारली नाही तर मीच करायला सांगेन." खासगी रुग्णालयात नातेवाईक पैसे पुढं करत असताना महागड्या तपासणीला नाही म्हणायला धमक लागते. आमच्या घरात मात्र त्या दिवशी मॅडमबद्दल मत बरं नव्हतं.

सीटीच्या प्रश्नाची दुसरी बाजू मला शेजारच्या पलंगावर दिसली. तिशीच्या आतला पोरगा, दारू नाही, खडे नाहीत. दुखणं माझ्यासारखंच, पण अ‍ॅमायलेज नॉर्मल. त्याचं रक्त लॅबमध्ये फिरवल्यावर वर जो पिवळसर द्रव यायला हवा तो दुधासारखा पांढरा आला. ट्रायग्लिसराइड हजारांत. इतकी चरबी रक्तात असली की अ‍ॅमायलेजचा आकडा खोटा, कमी येऊ शकतो. त्याला सीटी केला, पहिल्याच दिवशी, आणि सूज त्यात दिसली. ट्रायग्लिसराइड 1,000 च्या वर असेल तर तेच कारण धरतात. माझं 168 होतं, आणि कॅल्शियम (फार वाढलेलं तेही एक कारण) ठीक. म्हणजे माझ्या बाबतीत ती दोन्ही दारं बंद. हा आकडा पहिल्याच रक्तात बघावा लागतो. उपाशीपोटी सलाइनवर राहिलं की तो झपाट्यानं उतरतो आणि मग कारण हाती लागत नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा रक्त. हिमॅटोक्रिट 40 वर आलं, यूरिया उतरला, एसजीपीटी आणि बिलिरुबिनही उतरणीला लागले. याचा अर्थ खडा बहुधा आपोआप पुढं सरकला होता. दादानं यादी बघितली आणि विचारलं, "लायपेज राहिलं." राहिलं नव्हतं, मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते रोज मोजून काही कळत नाही. माणूस बरा होत असतानाही ते वरच राहू शकतं आणि उतरलं म्हणून धोका टळला असंही नाही. भूक लागलीय का, पोट दुखतंय का, लघवी किती होतेय, हे विचारून मॅडमना जास्त कळत होतं. भूक लागली म्हटल्यावर त्यांनी त्याच दिवशी मऊ मुगाची खिचडी चालू केली, बिनतुपाची. आई चकित. तिच्या माहितीत या आजाराच्या माणसाला आठवडा-आठवडा उपाशी ठेवत. ती पद्धत मागं पडली आहे.

48 तासांनंतर सीआरपी काढलं. सूज किती जोरात आहे याचा तो अंदाज. 150 च्या वर गेलं तर आजार गंभीर वळणावर असण्याची शक्यता धरतात. माझं 96. सीटी टळला तो टळलाच.

एक तपासणी मात्र बाकी होती, नळीचं ते न दिसलेलं खालचं टोक. त्यासाठी एमआरसीपी. एमआरआयच्याच बोगद्यात, पण टोचायचं औषध नाही. नळ्यांतलं पित्त हेच पडद्यावर पांढरं चमकतं आणि खडा असला तर तिथं काळा ठिपका दिसतो. नळीत खडा निघाला असता तर दुर्बिणीनं तो काढायचा, म्हणजे ईआरसीपी. ताप, कावीळ आणि नळीत जंतुसंसर्ग असता तर ती चोवीस तासांत, एमआरसीपीची वाट न बघता. यातलं काही नव्हतं. नळी मोकळी निघाली. आतमध्ये ठकठक आवाज आणि हलायचं नाही. पोट शांत असल्यामुळे मला चक्क झोप लागली.

पित्ताशय त्याच मुक्कामात दुर्बिणीनं काढलं. आधी घरी जाऊन महिन्यानं या, असं मला हवं होतं. ऑफिसात कामाचा डोंगर होता. सर्जननं सांगितलं की सौम्य दुखण्यात ते आत्ताच काढलेलं बरं, कारण बारीक खडे आत आहेत तोवर हेच पुन्हा होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी सौम्यच असेल याची हमी नाही. काढलेलं पित्ताशय रीतसर बायोप्सीला गेलं. जुनी सूज आणि खडे, बाकी काही नाही असा कागद आला.

टाके दाखवायला गेलो तेव्हा दादा बरोबर होता. मॅडमनी पोट दाबून पाहिलं, यकृताची तपासणी एकदा करून घ्या म्हणाल्या. उठता उठता दादानं विचारलंच, "आणि लायपेज?"

"पोट दुखलं तर," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटची फाईल ओढली.